काय दिवे काढलेत!

"एलईडी काढायचेत," मी म्हणालो.

"कुठल्या बोटीवरचे?" दुरुस्तीवाल्याने मान वर न करता विचारलं.

बाहेरगावच्या माणसाला हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण आषाढ चालू होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मिरकरवाडा बंदरातल्या बोटी काठाला लागलेल्या, आणि वर्षभराची डागडुजी याच दोन महिन्यांत उरकायची असते. शिवाय रत्नागिरीत एलईडी हा शब्द नुसता उच्चारला, की ऐकणारा आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. हा पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक बोटवाल्यांपैकी की रापण ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांपैकी, याचा अंदाज घेतो आणि मगच बोलतो. भर समुद्रात बोटीवर जनरेटर चालवायचा, प्रखर दिव्यांचा झोत पाण्यावर सोडायचा, उजेडाला भुलून मासळी गोळा झाली की तिच्याभोवती जाळं आवळायचं, या सगळ्याला इथे थोडक्यात 'एलईडी' म्हणतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, राज्यातही बंदी आहे, आणि तरीही हंगाम सुरू झाला की निवेदनं, उपोषणं आणि 'एलईडी पकडला' असले मथळे सुरू होतात. पुण्याच्या माझ्या मेहुण्याने एकदा असा मथळा वाचून मुद्दाम फोन केला होता. "काय हो भाऊजी, समुद्रात एलईडी पकडला म्हणजे काय? पोहत होता?"

"बोटीवरचे नाहीत," मी म्हणालो. "झोपायच्या खोलीतले."

तेव्हा त्याने मान वर केली. हातातला सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. दुकानात तीस वर्षं लोक बंद पडलेला दिवा घेऊन येतात. चालू दिवा बंद करून द्या म्हणणारा बहुधा मी पहिलाच.

"बंद पडलेत का?"

"तेच तर. बंद पडत नाहीत."

आता यात माझी बाजू ऐकून घ्या. साठी ओलांडलेल्या माणसाची झोप म्हणजे पावसाळ्यातलं पापड वाळवणं. जरा निमित्त झालं की गेली. त्या रात्री दीड वाजता मला जाग आली आणि खोलीत मी एकटा जागा नाही असं लक्षात आलं. शेजारी बायको गाढ झोपली होती, पण बाकी सगळी मंडळी टक्क जागी होती. कोपऱ्यातला राऊटर पाच हिरव्या डोळ्यांनी मिचमिच करत होता. (राऊटर झोपायच्या खोलीत का, असं विचारू नका. आमचं घर जांभ्या दगडाचं. वडिलांनी भिंती अशा बांधल्या की चोर आत येऊ नये. त्या भिंतींतून वायफाय बाहेर जात नाही.) इन्व्हर्टरचे तीन. टीव्हीचा एक लाल. सेटटॉप बॉक्सचे दोन, त्यातला एक निळा. डासांच्या यंत्राचा एक, एक्स्टेन्शन बोर्डाचा एक, मोबाइलच्या चार्जरचा एक, रिमोटवर चालणाऱ्या पंख्याचा एक. आणि भाच्याने बसवून दिलेल्या पाण्याच्या टाकीच्या कंट्रोलरचे तीन. एकूण अठरा, वेळप्रसंगीच लागणारे धरून. यात एसीच्या स्टॅबिलायझरचे आकडे धरलेले नाहीत. त्यातल्या एकेका आकड्यात सात-सात एलईडी रेघा असतात, तीन आकड्यांच्या एकवीस. ते धरले तर आमच्या खोलीत जवळजवळ चाळीस दिवे होते आणि उजेड मात्र चपला सापडण्याइतकाही नव्हता.

स्टॅबिलायझर सांगत होता, २२८. मी डोळे मिटले, उघडले. २३१. रात्री दीड वाजता घरात २३१ व्होल्ट आहेत ही बातमी मी कुणाकडे मागितली होती?

प्रत्येक दिव्याचं म्हणणं एकच: 'मी चालू आहे.' लग्नात कार्यालयाच्या दारात उभा राहून, काही काम न करता, येणाऱ्या प्रत्येकाला "मीच आहे हो सगळं बघायला" म्हणणारा एक काका असतो, तशातली ही जात. अरे, पंखा फिरतोय म्हणजे चालू आहे, हे मला वाऱ्यावरून कळतं. टीव्हीचा लाल दिवा तर त्याहून वरताण. तो टीव्ही बंद असताना लागतो. म्हणजे 'मी बंद आहे' हे सांगायला तो रात्रभर चालू!

आमच्या लहानपणी रात्रीला एकच दिवा असायचा, 'झिरोचा बल्ब'. नाव झिरो असलं तरी तो चांगली बारा-पंधरा वॅट वीज खायचा, पण खाऊन निदान संडासाची वाट तरी दाखवायचा. आणि गच्चीवर गेलं तर रत्नदुर्गावरच्या दीपगृहाचा झोत दिसायचा, अजून दिसतो. ते दीपगृह १८६७ पासून उभं आहे. त्याच्याबद्दल माझी तसूभर तक्रार नाही. तो दिवा दर्यावर्द्याला काहीतरी सांगतो, आणि सांगून झालं की तोंड फिरवतो.

पहिला उपाय मी चिकटपट्टीचा केला. काळी इन्सुलेशन टेप बारीक कापून एकेका दिव्यावर लावली. कोकणातल्या पावसाळ्यात टेप टिकत नाही. तिसऱ्या रात्री ती गोगलगायीसारखी सरकत दोन बोटं खाली उतरली होती. मग मी बायकोच्या ड्रॉवरमधून टिकल्यांचं पाकीट उचललं. काळी, मध्यम. टिकली हा एलईडीवरचा रामबाण उपाय आहे, हे मी अनुभवाने सांगतो. माप, गोंद, रंग, सगळं जणू त्याच्याचसाठी काढलंय. तासाभरात राऊटर पाच टिकल्या लावून बसला. सकाळी बायको उठली, राऊटरकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं.

"अहो, हळदीकुंकवाला बोलावलंय की काय याला?"

टिकल्याही महिन्याभरात गळाल्या. घरातल्या एकेक वस्तूला रात्री पुन्हा डोळे फुटायला लागले. सर्वांत आधी उघडला तो सेटटॉप बॉक्सचा निळा.

या निळ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खरं वैर त्याच्याशी. अंधारात बघायच्या ज्या दंडाकार पेशी आपल्या डोळ्यांत असतात, त्यांना निळसर-हिरवा उजेड चटकन कळतो आणि लाल जवळजवळ कळतच नाही. त्यामुळे लाल दिवा रात्री कोपऱ्यात मुकाट पडून असतो आणि तेवढाच निळा दिवा पोलिसांच्या गाडीसारखा अंगावर येतो. लाल एलईडी १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी केला. हिरवा, पिवळा मागोमाग आले. निळा मात्र तीस वर्षं कुणाला नीट जमेना. तो अखेर १९९३ साली जपानच्या शिकोकू बेटावर, निचिया नावाच्या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी लख्ख पेटवून दाखवला. हे गृहस्थ मूळचे मच्छीमारांच्या एका खेड्यातले, म्हणजे तसे आपल्याच वळणाचे. कंपनीने त्यांना बक्षीस म्हणून वीस हजार येन दिले, असं सांगतात. मग त्यांनी जे केलं ते वाचून प्रत्येक रत्नागिरीकराचा ऊर भरून यावा. त्यांनी दावा लावला! २००४ मध्ये खालच्या कोर्टाने दोन हजार कोटी येन मंजूर केले, कंपनी वरच्या कोर्टात गेली, आणि २००५ मध्ये चौऱ्याऐंशी कोटींवर तडजोड झाली. आमच्याकडे दोन फणसांच्या वाटणीवरून तीन पिढ्या तारखा चालतात. चार वर्षांत तडजोड करणारा माणूस इथे कच्चा समजला गेला असता. पुढे २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना अकासाकी आणि अमानो या दोघांबरोबर मिळालं. पांढरा एलईडी दिवा त्या निळ्यातूनच निघाला, त्याने जगाची वीज वाचली, हे मला सगळं मान्य आहे. पण माझ्या उशापासून सहा फुटांवर तो कशाला?

"काढूनच टाकायचे," मी दुरुस्तीवाल्याला म्हणालो. "मुळापासून."

"काका, बसा," तो म्हणाला.

त्याच्या दुकानाच्या भिंतीवर मेलेली सर्किट बोर्डं खिळ्याला टांगलेली आहेत, खाटकाकडे टांगतात तशी. प्रत्येकाची मरणकथा त्याला पाठ आहे. हे खाऱ्या हवेने गेलं. बघा, तांब्यावर हिरवं आलंय. यात मुंग्यांनी घर केलं. हे पालीने मारलं, आणि पालही मेली; दोघांना एकदमच बाहेर काढलं. हे वळवाच्या पावसात वीज पडली तेव्हाचं. रत्नागिरीत बोर्ड म्हातारपणाने मेलेलं त्याने अजून पाहिलेलं नाही. अशा माणसापुढे मी धडधाकट बोर्ड घेऊन बसलो होतो आणि म्हणत होतो, याचे डोळे काढ.

त्याने मला दिवा काढण्याची रीत सांगितली. दोन पायांचा जुना एलईडी असेल तर काहीच नाही, कटरने पाय छाटायचे. पण हल्लीचे सगळे एसएमडी. दीड मिलिमीटर लांब, पाऊण मिलिमीटर रुंद, म्हणजे मोहरीपेक्षा बारीक आणि खसखशीपेक्षा थोडा मोठा. त्याची दोन टोकं बोर्डाला सोल्डरने चिकटवलेली असतात. एक टोक वितळवून दुसऱ्याकडे वळावं तर पहिलं पुन्हा घट्ट होतं. म्हणून दोन्ही टोकांवर जुन्या धाटणीचं, शिसं असलेलं सोल्डर चढवायचं. ते १८३ अंशांना वितळतं. हल्लीच्या बिनशिशाच्या सोल्डरला २१७ च्या पुढे जावं लागतं. दोन्ही टोकं एका थेंबात न्हाऊन निघाली की चिमट्याने हलकेच बाजूला सारायचा. घाई केली, ओढला, तर खालची तांब्याची चकतीच उचकटून येते.

"दात काढताना जबडा आल्यासारखं," तो म्हणाला.

शिवाय त्याने एक सल्ला दिला, जो मी त्याच वेळी ऐकला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. "काका, एलईडी काढूच नका. त्याच्या पाठीमागे एक रेझिस्टन्स असतो, एक किलोओहमचा वगैरे. तो काढून सत्तेचाळीस किलोओहमचा टाकतो. दिवा राहील, पण इतका मंद की मुद्दाम बघायला गेलात तरच दिसेल."

मला मंद नको होता. तडजोड करायला मी काय नाकामुरा होतो?

इन्व्हर्टरचे दोन दिवे त्याने माझ्यासमोर काढले, तिसरा लाल ठेवला. "हा असू दे. हा फक्त बिघाड झाला की लागतो." एक्स्टेन्शन बोर्ड उघडून तो हसला. "हा एलईडी नाहीच. निऑन आहे. जुन्या जमान्यातला." आत काचेची इवलीशी कुपी होती आणि तिच्यात नारिंगी धुगधुगी. मला एकदम तिची दया आली. तिला तशीच ठेवली. चार्जर फोडल्याशिवाय उघडत नाही म्हणाला, त्याला नेलपॉलिश फासायचं ठरलं. राऊटर भाड्याचा, त्याला हात लावता येत नव्हता. आणि टीव्हीबद्दल बायकोने निघतानाच सांगितलं होतं, "मालिका संपेपर्यंत नाही." कुठली मालिका, ते मी विचारलं नाही, टीव्हीवरच्या मालिका संपत नाहीत. म्हणजे अठरातून नऊ उरले. दोन झाले. राहिलेले सात घरीच काढीन म्हणून मी त्याच्याकडून जुना पंचवीस वॅटचा आयर्न, थोडी सोल्डरची तार आणि राळेची डबी मागून घेतली.

"किती झाले?" मी विचारलं.

"लावायचे पैसे घेतो काका," तो म्हणाला. "काढायचे कसे घेऊ?" आणि उठता उठता एक धडा दिला. "प्लग काढला म्हणजे झालं असं समजू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात. ते लगेच जात नाहीत, राग धरून बसतात. थोडा वेळ त्यांच्या वाटेला जाऊ नका."

घरी आमच्या काकू आहेत. वय ब्याऐंशी. त्यांना स्वभावाने ओळखणारा कुणीही कपॅसिटरची गोष्ट चटकन समजेल.

मी झोपायच्या खोलीत टेबल मांडलं, आयर्न तापवला, राळेचा धूर निघाला. काकू वास घेत दारात आल्या.

"कल्हईवाला आलाय का रे?"

तशी ती चूक नव्हतीच. सोल्डरमध्ये कथील असतं, कल्हईतही कथीलच. तो नवसागर टाकायचा, आम्ही राळ. काकू खुर्ची ओढून बसल्या आणि पातेली कशी झगझगीत व्हायची ते सांगू लागल्या. मग त्यांना माझा हेतू कळला.

"दिवे काढतोयस?"

"हो."

"घरातले?"

"हो काकू. नको असलेले."

"मेल्या, दिवा विझव असंसुद्धा आपण म्हणत नाही. मालव म्हणतो. आणि तू मुळापासून उपटतोयस? तेही अवसेच्या तोंडावर?"

दोन दिवसांनी दीप अमावास्या होती, हे माझ्या खरोखर ध्यानात नव्हतं. ज्या दिवशी घरातला एकूण एक दिवा घासूनपुसून पाटावर मांडून त्याची पूजा करायची, त्याच्या ऐन तोंडावर मी दिवे उपटायला बसलो होतो. माझे वडील माझ्या प्रत्येक निकालपत्रावर एकच शेरा देत, "काय दिवे लावलेत!" ते असते तर या वेळी त्यांना वाक्य बदलावं लागलं असतं.

डासांच्या यंत्राचा पहिल्या प्रयत्नात निघाला. पंख्याचा निघताना थोडी कातडी घेऊन आला, पण पंखा फिरला. हात बसला असं वाटलं. हात बसला असं वाटणं हीच या धंद्यातली धोक्याची खूण आहे, आणि तिच्यासाठी कुणी दिवा बसवलेला नाही.

मग मी टाकीचा कंट्रोलर खाली काढला. भाचा इंजिनिअरिंगला असताना सुटीत येऊन त्याने हे प्रकरण जोडलं होतं. टाकी रिकामी झाली की विहिरीवरचा पंप आपोआप चालू, भरली की बंद. आत एक बाजारात मिळतो तो रिलेचा बोर्ड: दोन निळ्या पेट्या, दोन काळे चौकोनी तुकडे, तीन दिवे. त्यातला एक पहाटे चार वाजता पंप चालू झाला की 'टक्' असा आवाज करून पेटायचा. माझा त्याच्यावर जुना डूख होता. तीनही काढले. वीस मिनिटांत. चकत्या शाबूत. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान." (ही 'छान' म्हणजे काय ते विवाहितांना कळेल.)

त्या रात्री मी असा झोपलो की सांगता सोय नाही. खोली बरीचशी काळोखी. बाहेर पावसाची संततधार. पहाटे चारचा 'टक्' सुद्धा ऐकू आला नाही.

सकाळी सात वाजता न्हाणीघरातून हाक आली. "अहो, नळाला पाणी नाही."

'टक्' ऐकू आला नव्हता, कारण झालाच नव्हता. टाकी कोरडी. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, विहीर तोंडोतोंड भरलेली, अंगणात घोटाभर पाणी, आणि नळातून फक्त फुसफुस. आम्ही पागोळ्यांखाली बादल्या लावल्या. काकूंनी त्यात तांब्या बुडवून सूर्याला अर्घ्य देण्याच्या थाटात तोंड धुतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दिव्याचा शाप."

भाच्याला फोन लावला. तो बंगळुरूला असतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, तो दिवा सिरीजमध्ये होता."

"म्हणजे?"

"म्हणजे दिवाळीच्या माळेसारखा. एक काढला की पुढचं सगळं बंद."

मग त्याने समजावलं ते असं. त्या काळ्या चौकोनी तुकड्याला ऑप्टोकपलर म्हणतात. त्याच्या पोटात आणखी एक एलईडी असतो. तो अवरक्त उजेड देतो, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. समोर बसलेला सेन्सर तेवढा तो ओळखतो आणि निळ्या पेटीला 'चालू हो' म्हणतो. मध्ये तारेचा संबंध नाही, फक्त उजेडाचा, म्हणजे पंपाकडचा दणका नाजूक बाजूला पोचत नाही. आणि या आतल्या दिव्याकडे जाणारी वीज बाहेरच्या दिव्यातून ओवलेली असते. मला हे आपल्या भाषेत कळलं. आपल्या घराची वाट चुलतभावाच्या अंगणातून जाते. चुलतभाऊ नकोसा असतो, दिवसभर ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "आलात का" विचारतो. पण त्याच्या दारी गडगा घातला की आपल्याही घरी कुणी येऊ शकत नाही.

"आता काय करू?"

"दोन चकत्यांमध्ये तारेचा तुकडा जोडा. वाट मोकळी होईल. दिवा नाही लागणार, पण पंप लागेल."

"एवढंच?"

"एवढंच. पण मामा, दिवा कशाला काढलात? मी खास तुम्हाला कळावं म्हणून ठेवला होता."

मी आयर्न हातात घेतला आणि लाइट गेली.

आषाढात हे घडणारच. इन्व्हर्टर होता, पण त्यावर आयर्न लावायला बायको तयार होईना. आणि इन्व्हर्टर चालू आहे की नाही हे कळायची सोय मी आदल्या दिवशीच काढून घेतली होती. त्याच्यापाशी कान नेऊन ऐकलं, हात लावून पाहिला, शेवटी ट्यूब लावली तेव्हा खात्री पटली. मग बोर्ड रुमालात गुंडाळून, छत्री सावरत, रिक्षा करून मी पुन्हा त्या दुकानात. दुरुस्तीवाल्याकडे बॅटरीवरचा आयर्न होता. त्याने बोर्ड उलटसुलट केला, काही विचारलं नाही, जुन्या रेझिस्टन्सचा छाटलेला पाय उचलला, केसाएवढा तुकडा कापला आणि दोन चकत्यांमध्ये टेकवला. पाच सेकंद.

"सगळ्यांचं असंच होतं का?" मी जरा आशेने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "सगळे दिवे लागत नाहीत म्हणून येतात."

संध्याकाळी पंप सुरू झाला. टक्. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. शेजारचे निवृत्त मास्तर कठड्यावर येऊन सगळं ऐकून घेत होते. त्यांनी तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला. एक दिवा पंधरा मिलिवॅट धरा. नऊ दिव्यांचे एकशे पस्तीस. वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ. "म्हणजे वर्षाला सव्वा युनिटही नाही वाचायचं तुमचं. आणि रिक्षाच्या दोन फेऱ्या?" मी आत गेलो.

राहिले फक्त सेटटॉप बॉक्सचे दोन. ते अवसेच्या सकाळी काढले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कारण झोपायच्या खोलीतलं टेबल माझ्याकडून काढून घेण्यात आलं होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काकू परात घेऊन बसल्या होत्या. हिरवा सुटला. निळा मात्र चिवट. दोन्ही टोकांना सोल्डर दिलं, थेंब वितळला, चिमट्यात धरला, उचलला, बघायला म्हणून उजेडात नेला, आणि चिमटा जरा जास्त दाबला गेला. टिक् असा अगदी बारीक आवाज झाला. दिवा नाहीसा. टेबलाखाली पाहिलं, मोबाइलच्या उजेडात लादी पाहिली, माझा सदरा झटकला. दीड मिलिमीटरची वस्तू शोधायला जायचं वय आता राहिलेलं नाही. केरात गेला असेल, असं ठरवून मी आंघोळीला गेलो, पाणी होतं.

तिन्हीसांजेला काकूंनी पाट मांडला. भोवती रांगोळी. चिंच लावून लखलखीत केलेली समई, दोन निरांजनं, लामणदिवा, आजोबांचा कंदील, काच पुसलेली चिमणी, माझी तीन सेलची बॅटरी. पुढे गुळाच्या कणकेचे वाफवलेले दिवे, त्यांत तूप, वाती. बायकोने हळदकुंकू वाहिलं. काकू माझ्याकडे वळल्या.

"ते तुझे आण."

"कुठले?"

"उपटलेस ते. आज घरातले सगळे म्हणजे सगळे."

मी स्टीलच्या वाटीत जपून ठेवले होते. ती वाटी पाटावर कंदिलाच्या शेजारी गेली. काकूंनी वाटीत अक्षता टाकल्या, आणि मग अक्षता कुठल्या आणि एलईडी कुठले ते कुणालाच ओळखता येईना. नमस्कार झाला. वाती शांत झाल्यावर कणकेचे दिवे ताटात आले. काकूंच्या हातचे हे दिवे मला लहानपणापासून आवडतात. वरून साजूक तूप घेऊन मी चार खाल्ले. त्या रात्री खोलीत राऊटरचे पाच, टीव्हीचा लाल, एक्स्टेन्शन बोर्डाची नारिंगी धुगधुगी आणि स्टॅबिलायझरचे आकडे सोडले तर एकही डोळा उघडा नव्हता. गाढ झोपलो.

सकाळी काकू पाट आवरत होत्या. चष्मा लावून, वाटी तळहातावर उपडी करून, बोटाने एकेक वेगळा सारत मोजत होत्या.

"किती काढले होतेस रे?"

"नऊ."

"आठच आहेत."

"एक उडाला काल. टेबलावर. निळा होता."

"कधी उडाला?"

"सकाळी. तुम्ही कणीक मळत होतात तेव्हा."

काकूंनी चष्मा काढला. बायको ओट्यापासून वळली. मला चौथा दिवा आठवला, त्याच्यात दाताखाली काहीतरी कचकन लागलं होतं, आणि गुळाचा खडा असेल म्हणून मी तो गिळला होता.